रंगाची गोळी, नळीचे माप आणि डोळा

गोळी आणि नळी यांचे नाते कोल्हापूरला नवे नाही. म्युनिकमध्ये २०१० साली ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवणारी राही सरनोबत आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ही सगळी याच जिल्ह्याची माणसे. या दर्जाच्या नेमबाजीत एक गोष्ट गृहीत असते : रायफल कितीही चांगली असली तरी तिला कुठली गोळी मानवते हे आधी तपासावे लागते. रायफल पक्की बांधून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या कागदावर झाडतात. ज्या लॉटची छिद्रे एकमेकांत मिसळून सर्वांत लहान भोक पाडतात, तो लॉट स्पर्धेसाठी राखून ठेवतात. एअर रायफलच्या छऱ्यांच्या डबीवर तर ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर असे आकडे छापलेले असतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हा हिशेब.

पेंटबॉल खेळायला गेलेल्या माणसाला यातले काहीच माहीत नसते. कॉलेजची सहल, कंपनीचा ‘टीम आउटिंग’चा दिवस, नाहीतर सुट्टीत लोणावळा, गोवा किंवा बंगळुरूला गेलेले कुटुंब. काउंटरवर पैसे भरायचे, एका कागदावर सही करायची, तोंडावर मुखवटा चढवायचा, हातात मार्कर आणि रंगाच्या पन्नासेक गोळ्या घ्यायच्या आणि मैदानात उतरायचे. मार्कर म्हणजे हवेच्या किंवा वायूच्या दाबावर रंगाची गोळी फेकणारी बंदूक. गोळी कसली आहे, किती जुनी आहे, या मार्करसाठी योग्य आहे का, हे कोणी विचारत नाही. नेमबाजीत चुकीच्या गोळीने गुण जातो. इथे तिने डोळा जाऊ शकतो, आणि तो कसा जातो हे कळायला आधी गोळीच नीट पाहावी लागते.

पेंटबॉल ही खरे तर औषधाच्या दुकानात मिळणारी वस्तू आहे. ‘ई’ जीवनसत्त्वाची किंवा माशाच्या तेलाची मऊ, चकचकीत कॅप्सूल ज्या पद्धतीने तयार होते, त्याच पद्धतीने ही गोळी तयार होते. जिलेटिनच्या दोन पट्ट्या फिरत्या साच्यांमधून सरकतात, मध्ये द्रव भरला जातो आणि कडा चिकटून बंद होतात. हे यंत्र अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या रॉबर्ट शेरर यांनी १९३० च्या दशकात बनवले ते औषधांसाठी. पुढे झाडांवर आणि गुरांवर दुरून खूण करण्यासाठी नेल्सन या रंगाच्या कंपनीने त्याच तंत्राने रंगाच्या गोळ्या करून घेतल्या. वनखात्याचा माणूस ओढा न ओलांडता पलीकडच्या झाडावर खूण करू शकावा, एवढाच हेतू होता. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात बारा जणांनी याच बंदुका घेऊन पहिला डाव खेळला. गंमत म्हणजे, जिंकलेल्या गड्याने त्या दिवशी एकही गोळी झाडली नव्हती.

सुरुवातीला आत तेलाचा रंग असे आणि तो टर्पेंटाइनने काढावा लागे. आता आत मुख्यतः पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पाण्यात विरघळणारे रंग आणि घट्टपणा आणणारे पदार्थ असतात. पॉलिइथिलीन ग्लायकॉल हेच बद्धकोष्ठाच्या पावडरीत आणि कोलोनोस्कोपीच्या आधी पोट साफ करायच्या औषधात असते. त्यामुळे लहान मुलाने एखादी गोळी चावली तर बहुधा जुलाबावर भागते. कुत्र्यांचे मात्र तसे नाही. मैदानावर सांडलेल्या गोळ्या कुत्र्याने मूठभर खाल्ल्या तर आतड्यात पाणी ओढले जाऊन रक्तातले सोडियम धोकादायक वाढते. फार्महाउसवर खेळ ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवून खाली पडलेल्या गोळ्या गोळा कराव्यात.

कॅप्सूलची आणि पेंटबॉलची गरज मात्र उलटी. कॅप्सूल पोटात जाऊन विरघळली की काम झाले. पेंटबॉलने नळीतला धक्का सोसायचा, हवेतून गोल राहून जायचे आणि समोरच्याच्या अंगावर आदळताच फुटायचे. आधी फुटून चालत नाही आणि नंतरही चालत नाही. कवच किती जाड, किती ठिसूळ, आतला द्रव किती दाट आणि गोळी किती अचूक गोल, हे सगळे या एका क्षणासाठी जुळवलेले असते. मात्र हा क्षण प्रत्येक मार्करमध्ये वेगळा येतो. म्हणून गोळीही वेगळी लागते.

सर्वांत प्रचलित माप ०.६८ कॅलिबर, म्हणजे सव्वासतरा मिलिमीटर व्यास, वजन सुमारे ३ ग्रॅम. मोठ्यांच्या मैदानांवर भाड्याने मिळणारा मार्कर बहुतेक याच मापाचा असतो आणि तो यांत्रिक असतो. ट्रिगर ओढला की आतला जड बोल्ट उसळून पुढे येतो आणि गोळीला ढकलतो. हा धक्का रांगडा असतो. त्याला जाड कवचाची, ‘फील्ड ग्रेड’ म्हणून विकली जाणारी गोळीच लागते. स्पर्धेतले खेळाडू वापरतात त्या इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये कमी दाबावर बोल्ट अलगद सरकतो आणि सेकंदाला दहा गोळ्याही सहज सुटतात. त्यासाठी पातळ, ठिसूळ कवचाची आणि दाट रंगाची महाग गोळी करतात, कारण ती कपड्यावर आपटली तरी नक्की फुटते. ही महाग गोळी कोणी हौसेने भाड्याच्या यांत्रिक मार्करमध्ये घातली की ती नळीतच फुटते. पैसे जास्त दिले म्हणून गोळी चांगली, हा हिशेब इथे चालत नाही.

पंपाच्या मार्करमध्ये दर गोळीला हाताने दट्ट्या ओढावा लागतो. वेग कमी, पण गोळीला त्रासही कमी. त्यात पातळ कवचाची गोळीही निभावते, फक्त तिचे माप नळीशी चांगले जुळले पाहिजे. मॅगझिनच्या मार्करची अडचण वेगळी. मॅगझिनमधली स्प्रिंग गोळ्यांवर सतत दाब देत राहते. आदल्या रात्री भरून ठेवलेल्या गोळ्या सकाळपर्यंत दबून अंडाकृती होतात आणि अंडाकृती गोळी कुठे जाईल याचा भरवसा नसतो. ती डावाच्या आधीच भरायची असते.

पालकांना सर्वांत जास्त उपयोगाचा आहे तो लहान मुलांचा, कमी माराचा मार्कर. तो ०.५० कॅलिबरचा असतो. गोळी १२.७ मिलिमीटरची, वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास. बरेचदा त्यात वायूची बाटली नसते, पुढचा दांडा मागे-पुढे ओढून स्प्रिंग ताणायची असते. वेग सेकंदाला सुमारे ६० मीटर. मोठ्यांच्या मार्करचा वेग सेकंदाला ९१ मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ३२९ किलोमीटरपर्यंत चालतो. ती ३०० फूट प्रतिसेकंदाची प्रचलित कमाल मर्यादा आहे आणि पुष्कळ मैदाने ती २८० वर ठेवतात. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. या हिशेबाने मोठ्यांच्या गोळीत साधारण १२ ज्यूल ऊर्जा असते आणि मुलांच्या या गोळीत दोन-सव्वादोन ज्यूल. पण तीच ०.५० ची गोळी मोठ्यांच्या वेगाने झाडणारे मार्करही बाजारात आहेत, आणि तिथे हा आकडा पाच ज्यूलपर्यंत जातो. त्यामुळे ‘गोळी लहान आहे, मुलांना चालेल’ एवढ्यावर समाधान मानू नये. वेग किती, हे विचारावे.

मुलांच्या मार्करमध्ये गोळीची निवड आणखी एका कारणाने महत्त्वाची. कमी वेगासाठी मुद्दाम पातळ कवचाची गोळी करतात. तिच्या जागी ०.५० ची नेहमीची जाड गोळी वापरली, तर ती मुलाच्या अंगावर आपटून परत उसळते, फुटत नाही. रंग दिसत नाही म्हणून मूल बाद होत नाही आणि समोरचे त्याच्यावर गोळ्या झाडत राहतात. शिवाय उसळणारी गोळी फुटणाऱ्या गोळीपेक्षा जास्त लागते. फुटणाऱ्या गोळीची काही ऊर्जा कवच फाडण्यात आणि रंग उडवण्यात खर्च होते. उसळणारी गोळी उलट दिशेने परत जाते, त्यामुळे शरीराला बसणारा धक्का वाढतो. रंग न उमटलेल्या पण गोल, मध्ये फिकट आणि कडेला लालनिळ्या वळाची तक्रार घेऊन मूल घरी आले, तर गोळी जुनी होती किंवा मार्करशी जुळणारी नव्हती असा अंदाज बांधायला हरकत नाही.

आता नळीचे माप. ०.६८ कॅलिबर म्हटले तरी प्रत्यक्षात नळ्यांचा आतला व्यास ०.६८० ते ०.६९५ इंचांच्या दरम्यान कुठेही असतो. गोळ्याही पेटीगणिक थोड्या लहानमोठ्या निघतात. खेळाडूंची जुनी युक्ती सोपी आहे. नळी मार्करपासून पूर्ण सोडवून हातात घ्यायची, हे महत्त्वाचे. मग तिच्या मागच्या तोंडात गोळी ठेवायची. ती घरंगळत पलीकडून बाहेर पडली तर नळी सैल. जागेवर थांबली आणि जोरदार फुंकर मारल्यावर सरकली तर जोडी जमली. फुंकर मारूनही हलली नाही तर नळी घट्ट. सैल नळीत गोळीभोवतीने वायू निसटतो, प्रत्येक गोळीचा वेग वेगळा येतो आणि काही मार्करमध्ये नळी खाली झुकवली की गोळी आपोआप घरंगळून बाहेर येते. घट्ट नळीत ती फुटते. नियमित खेळणारे दोन-तीन मापांच्या नळ्या जवळ बाळगतात आणि त्या दिवशीच्या पेटीप्रमाणे एक निवडतात. नेमबाजांच्या लॉट तपासणीचा हा धाकटा भाऊच म्हणायचा.

नळीत गोळी फुटली तर बिघडले काय, असे वाटू शकते. नेम चुकेल, एवढेच ना? डोळ्यांच्या दृष्टीने सगळी गोष्ट इथूनच सुरू होते. आतली नळी रंगाने बरबटली की पुढची प्रत्येक गोळी वाकडी जाते. काही रंग उलटा उडून मुखवट्याच्या काचेवर बसतो. खेळाडू वैतागतो, झुडपामागे बसतो, काच पुसायला मुखवटा कपाळावर सरकवतो. क्वचित कोणी अडकले काय ते बघायला नळीच्या तोंडाला डोळा लावतो. पेंटबॉलमुळे डोळ्याला झालेल्या गंभीर दुखापतींचा जगभरचा अनुभव एकच आहे : त्या बहुतांशी मुखवटा नसताना किंवा तो काढलेला असताना झाल्या. मुखवटा घातलेल्या खेळाडूचा डोळा जात नाही, मुखवटा काढायची पाळी आलेल्याचा जातो. ती पाळी येण्याची कारणे फार नाहीत. काचेवर धरलेले बाष्प, घाम, सैल पट्टा आणि चुकीच्या गोळीने आत-बाहेर उडवलेला रंग.

सोसाट्याने आलेला क्रिकेटचा चेंडू डोळ्यावर बसला तर काय होते? ताशी १२० किलोमीटरच्या चेंडूत पेंटबॉलच्या सातपट ऊर्जा असते. तरीही तो पूर्ण आत शिरत नाही, कारण त्याचा व्यास सात सेंटिमीटरच्या वर आहे. भुवईचे हाड, गालाचे हाड आणि नाकाची बाजू यांची मिळून डोळ्याभोवती जी हाडांची चौकट असते, ती चेंडूला अडवते. हाड मोडते, भुवई फाटते, पण बुबुळावर येणारा जोर काहीसा वाटला जातो. या चौकटीचे तोंड साधारण साडेतीन ते चार सेंटिमीटरचे. पावणेदोन सेंटिमीटरचा पेंटबॉल त्यातून सरळ आत जातो आणि सगळी ऊर्जा नेत्रगोलावर उतरवतो. ०.५० ची गोळी तर अधिकच सहज जाते.

नेत्रगोल जेमतेम २४ मिलिमीटरचा, आत द्रव भरलेला. पुढून दाबला की तो मागे चपटतो आणि बाजूंना फुगतो. पाण्याने भरलेला फुगा तळव्याने दाबून पाहिला तर हेच दिसते. या फुगण्यात आतल्या नाजूक जोडण्या तुटतात. बुबुळामागे रक्त साठते. भिंग ज्या तंतूंवर टांगलेले असते ते तुटून भिंग सरकते किंवा काही दिवसांत पांढरे होऊन तरुण वयात मोतीबिंदू होतो. आतला पडदा, म्हणजे रेटिना, कडेला फाटतो. दाब फारच जास्त असला तर नेत्रगोलाची भिंतच फुटते. रंगपंचमीला जवळून मारलेल्या पाण्याच्या फुग्याने होणारी इजा याच जातीची असते. फरक इतकाच, की फुगा हाताने फेकलेला असतो आणि बहुधा आधी गालावर, कपाळावर फुटतो.

हवामानाचा विषय कोल्हापुरात टाळता येत नाही. जिलेटिन हवेतले पाणी शोषते. पावसाळ्यात इथली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते, गगनबावडा-राधानगरीच्या पट्ट्यात तर विचारायलाच नको. जून ते सप्टेंबर उघडी राहिलेली पिशवी म्हणजे फुगलेल्या, मऊ, एकमेकांना चिकटलेल्या गोळ्या. व्यास वाढल्याने त्या नळीत अडकतात आणि मऊ पडल्याने अंगावर फुटत नाहीत. म्हणजे एकाच गोळीत दोन्ही दोष. ओल्या हाताने गोळ्या भरल्या तरी कवच विरघळू लागते. याउलट थंडीत, विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उघड्यावर ठेवलेल्या गोळ्या ठिसूळ होतात आणि नळीतच फुटतात. एप्रिल-मेमध्ये बंद मोटारीच्या डिकीत ठेवलेल्या गोळ्या पुन्हा मऊ आणि बेढब. १५ ते २५ अंश तापमान, कोरडी सावलीची जागा, घट्ट बंद पिशवी आणि आठवड्यातून एकदा पिशवी उलटी करणे, म्हणजे गोळ्यांची एकच बाजू चपटी होत नाही. औषधांच्या कपाटाला लावतो तोच नियम. ०.६८ च्या गोळ्यांची पेटी बहुधा २,००० ची असते, आत पाचशेच्या चार पिशव्या. चारही एकदम फोडून हौदात ओतण्याची सवय वाईट. लागेल तशी एकेक फोडावी.

उन्हाळ्याचा दुसरा परिणाम वायूवर होतो. काही मार्कर अजून कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीवर चालतात. बाटलीत हा वायू द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब पूर्णपणे तापमानावर ठरतो. २० अंशांना हवेच्या दाबाच्या सुमारे ५७ पट, तर ३१ अंशांना ७३ पटीच्या आसपास. सकाळी आठला वेग मोजून मर्यादेत बसवलेला मार्कर दुपारी दोनच्या उन्हात मर्यादा ओलांडू शकतो, हे यावरून कळावे. दाबलेल्या साध्या हवेच्या बाटलीवर नियामक बसवलेला असतो आणि तिचे वागणे बरेच स्थिर असते. वेग मोजायला क्रोनोग्राफ नावाचे छोटे यंत्र मिळते. ते मैदानावर आहे का आणि दुपारी पुन्हा वापरतात का, हा एक प्रश्न विचारला की तिथल्या व्यवस्थेची पारख होते. गोळ्यांची पेटी बदलली तरी वेग पुन्हा मोजावा लागतो, कारण घट्ट बसणारी गोळी त्याच दाबाला अधिक वेग घेऊ शकते.

गोळीची घरगुती परीक्षाही आहे. साधारण माणसाच्या उंचीवरून ती सिमेंटच्या फरशीवर सोडायची. स्पर्धेची पातळ गोळी पहिल्या-दुसऱ्या आपटण्यात फुटते, मैदानी गोळी काही उसळ्या घेते. पाच-सहा उसळ्यांनंतरही जी रबरासारखी उडत राहते, ती माणसांवर झाडण्याच्या लायकीची उरलेली नाही. चपटी, खळगा पडलेली, तेलकट झालेली किंवा शिवणीवर फुगवटा आलेली गोळी तर हौदात टाकूच नये. जमिनीवर पडलेली गोळी उचलून पुन्हा वापरणे हा खास आपल्याकडचा काटकसरीपणा, पण तिला माती चिकटलेली असते आणि वाळूचा एक कण नळीत पुढच्या दहा गोळ्या फोडतो. गोळ्या फ्रीजरमध्ये ठेवून ‘कडक’ करण्याचे उद्योगही पोरे करतात. गोठवलेल्या गोळ्यांना या खेळात जगभर मनाई आहे. ठिसूळ कवचामुळे त्या बहुधा नळीतच फुटतात, आणि फुटल्या नाहीत तर मार वाढतो.

याहून गंभीर आहे ते मापाचे साम्य. ०.६८, ०.५० आणि ०.४३ या मापांत रंगाच्या गोळ्यांखेरीज भरीव रबराच्या, नायलॉनच्या आणि मिरीची पूड भरलेल्या गोळ्याही तयार होतात. त्या सरावासाठी, स्वसंरक्षणासाठी किंवा पोलिसांसाठी असतात. माप तेच म्हणून त्या पेंटबॉलच्या नळीत बसतात, पण अंगावर फुटण्याचा पेंटबॉलचा गुण त्यांच्यात असेलच असे नाही. ‘पुन्हा पुन्हा वापरता येते’ असे ज्या गोळीच्या पाकिटावर लिहिले आहे ती माणसांवर झाडायची नसते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. अमेरिकेत बॉस्टन येथे ऑक्टोबर २००४ मध्ये गर्दी पांगवताना पोलिसांनी याच, ०.६८ मापाची मिरीची गोळी झाडली. ती डोळ्यात लागून २१ वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. ती गोळी साडेआठ ग्रॅमची होती. व्यास पेंटबॉलइतकाच, वजन जवळजवळ तिप्पट.

मुखवट्याबद्दल वेगळे लिहायला नको, पण गोळीशी त्याचा संबंध आहे तेवढे सांगितले पाहिजे. पेंटबॉलच्या मुखवट्यासाठी अमेरिकन मानक एएसटीएम एफ १७७६ आहे. काचेच्या कडेला किंवा चौकटीवर ते कोरलेले असते. कारखान्यातला गॉगल, मोटारसायकलचा चष्मा, नंबरचा चष्मा यांपैकी काहीही त्याची जागा घेऊ शकत नाही. एअरसॉफ्ट नावाच्या दुसऱ्या खेळात जाळीचे मुखवटे वापरतात. पेंटबॉल त्या जाळीवर फुटला तर रंग आणि कवचाचे तुकडे थेट डोळ्यात जातात. पावसाळी हवेत एकेरी काचेवर बाष्प धरते, दुहेरी काचेवर कमी. कोकणात किंवा घाटात खेळणार असाल तर दुहेरी काचेचा मुखवटा मागून घ्यावा, भाडे थोडे जास्त पडले तरी. काच पुसायची असेल तर हात वर करून, जाळीबाहेर जाऊन, आणि जाळीबाहेर प्रत्येक मार्करच्या नळीवर पिशवी किंवा बूच चढलेले असले पाहिजे. बाहेर उभे राहून मोबाइलवर चित्रण करणाऱ्या आईबाबांनाही डोळे असतात, हे आयोजक कधीकधी विसरतात.

काही जणांनी मात्र हा खेळ टाळावा किंवा आधी नेत्रतज्ज्ञांना विचारावे. मोठ्या उणे नंबरचा चष्मा असणाऱ्यांचा पडदा मुळात ताणलेला आणि पातळ असतो. मोतीबिंदूची किंवा चष्मा घालवण्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेले, एकाच डोळ्याने दिसणारे, पूर्वी पडदा सरकलेला असलेले लोक यात येतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांना साध्या वळाचाही मोठा काळानिळा डाग पडतो. गर्भवतींनी अर्थातच लांब राहावे.

डोळ्याला मार लागलाच, तर पहिली दहा मिनिटे महत्त्वाची. नुसता रंग उडाला असेल, मार नसेल, तर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. गोळी थेट डोळ्यावर बसली असेल तर धुऊ नये, चोळू नये, पापणी ओढून बघू नये, घट्ट पट्टी बांधू नये. भिंत फुटलेल्या डोळ्यावर थोडासा दाब पडला तरी आतला भाग बाहेर येतो. कागदी पेल्याचा तळ कापून तो हाडांवर टेकेल असा डोळ्यावर ठेवावा आणि चिकटपट्टीने कपाळ-गालाला चिकटवावा, म्हणजे डोळ्याला काही स्पर्श करत नाही. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, आतला रक्तस्राव वाढू शकतो. खाणेपिणे थांबवावे, कारण भूल द्यावी लागू शकते. डोके उंच ठेवून, शक्यतो बसवून, रुग्णाला नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्यावे. जवळच्या औषधाच्या दुकानातून थेंब घेऊन रात्र काढू नये. मैदान गावाबाहेर असेल तर निघण्यापूर्वीच ते रुग्णालय कोणते हे ठरवलेले बरे. कोल्हापूरकरांना सीपीआरचा रस्ता सांगावा लागत नाही, पण सहल जिथे जाते तिथला रस्ता माहीत नसतो.

दृष्टी लगेच पूर्ववत झाली म्हणून तपासणी टाळण्यात एक धोका आहे. बुबुळाच्या कडेला, जिथून डोळ्यातला द्रव निचरून जातो, तो कोपरा माराने मागे फाटलेला असू शकतो. त्याचे दुखत नाही, दिसण्यातही फरक पडत नाही. निचरा हळूहळू कमी होतो आणि काही वर्षांनी त्याच एका डोळ्यात काचबिंदू उभा राहतो. म्हणून मार लागल्यावर पहिल्या दिवशी, मग सूज उतरल्यावर बाहुली मोठी करून पडदा आणि भिंगाने तो कोपरा, आणि पुढे वर्षातून एकदा डोळ्याचा दाब, एवढी तपासणी आयुष्यभर ठेवावी लागते. कुठल्या डोळ्याला, कधी आणि कसल्या गोळीचा मार लागला होता, हे त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.